थोरलीचा या वर्षीचा विषय

काटेवाल्याच्या घरात एक रीत होती. वर्षातून एकदा, सुट्ट्यांचा मोसम संपून रस्त्यावर पुन्हा दप्तरं दिसायला लागली की, दोन्ही मुलींनी आपापला वर्षाचा विषय जाहीर करायचा. अटी दोनच. विषय वर्षभर पुरला पाहिजे, आणि तो 'कसा बघणार' हे सांगता आलं पाहिजे. विषय नाकारायचा अधिकार घरात कोणालाच नव्हता.

थोरलीने आठव्या वर्षी मुंग्या घेतल्या होत्या. तेव्हा घरभर साखरेच्या रेघा होत्या आणि कोणी पाय कुठे टाकायचा हे ती सांगायची. नवव्या वर्षी तिने गंज घेतला. दहाव्या वर्षी झोप घेतली आणि त्या वर्षी घरात कोणालाच धड झोप मिळाली नाही, कारण झोप लागली का, हे विचारायला ती गदागदा हलवायची. धाकटीला सगळे शंकासूर म्हणायचे. वय आठ, पण तिच्या शंकांपुढे भल्याभल्यांनी हात टेकलेले. तिने गेल्या वर्षी दारं घेतली होती. कोणतं दार किती उघडल्यावर करकरतं याचा तक्ता अजून स्वयंपाकघरात लटकत होता.

तर त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर, ताटली पुसता पुसता थोरली म्हणाली, "माझा विषय ठरला. शाळा."

काटेवाला पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

"कुठली शाळा?" आईने विचारलं.

"कुठलीही. शाळेत नेमकं काय होतं ते बघायचंय."

"कसं बघणार?" शंकासुराने अटीची आठवण करून दिली.

"आत बसून. मुंग्या बाहेरून बघून चालत नाहीत, वारूळ उघडावं लागतं."

आई हसली. काटेवाल्याला हसू आलं नाही. तेरा वर्षांच्या थोरलीने आजवर एकदाही शाळेची पायरी चढलेली नव्हती. खरं तर एकदा चढली होती, आणि तिथूनच या सगळ्याला सुरुवात झाली होती.

ती पाच वर्षांची असताना तिला प्रवेशासाठी नेलं होतं. समोरच्या बाईंनी लाल ठोकळा उचलून विचारलं, "हा रंग कोणता?" थोरलीने ठोकळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "तुम्हाला माहीत नाही?" बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. काटेवाला तेव्हा एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायचा. घरी येताना तो बायकोला म्हणाला, "पोरीचं बरोबर आहे गं. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, ते दुसऱ्याला कशाला विचारायचं?" दोघांनी महिनाभर डोकं खाजवलं, आणि मग त्याने नोकरी सोडली. घराच्या पुढच्या खोलीत वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान टाकलं, मागच्या खोलीत मोठं टेबल मांडलं, आणि मधलं दार कायमचं उघडं ठेवलं. आई दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. ती सकाळी जायची, सहाला यायची. दिवसभर मुली आणि काटेवाला. घराचा पहिला नियम तोच राहिला: उत्तर माहीत असेल तर प्रश्न विचारायचा नाही. तो उद्धटपणा समजला जायचा.

वर्षातून एकदा शिक्षण खात्याचा माणूस यायचा, वह्या चाळायचा, चहा घ्यायचा, सही करायचा. आठ वर्षं अशी गेली. काटेवाल्याला वाटायचं, अजून आठ अशीच जातील.

"नाही म्हणायची सोय नाही," आई रात्री अंथरूण घालताना म्हणाली. "नियम तूच केलेत."

"नाही कुठे म्हणतोय?"

"तोंडावर बारा वाजलेत तुझ्या."

"गेली आणि तिकडचीच झाली तर?"

आईने उशी झटकली. "तर विषय चांगला निवडला म्हणायचा," ती म्हणाली.

काटेवाल्याची मोठी बहीण, म्हणजे मुलींची आत्या, दोन रस्ते पलीकडच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिला हे कळल्यावर ती खुर्चीत अशी बसली, जणू आठ वर्षं या खुर्चीचीच वाट बघत होती.

"आली का गाडी रुळावर?"

"ताई, एका महिन्यापुरतं. बघायला," काटेवाला म्हणाला.

"हो हो. पोहायला शिकायचंय, पण केस ओले नाही करायचे. मोठ्या बाईंशी मी बोलते. पाहुणी म्हणून बसू दे महिनाभर. पण काय गं थोरले, तिथे तोंड जरा आवर."

"का?"

"हेच. हेच ते तोंड."

पहिल्या दिवशी काटेवाला तिला फाटकापर्यंत सोडून आला. आल्यावर त्याने एका औषधवाल्याचा छोटा तराजू दुरुस्तीला घेतला. दांडी ज्या धारेवर झुलते ती धार बोथट झाली होती. एरवी दोन तासांचं काम. ते त्याला तीन दिवस पुरलं.

"बाबा, तू तीच धार परत घासतोयस," शंकासूर दारातून म्हणाली.

"बारीक काम आहे."

"काल मला म्हणालास, झालं."

"तुझा विषय काय ठरला या वर्षी? तो बघ की जरा."

"अजून ठरला नाही. तू होशील बहुतेक."

संध्याकाळी जेवताना थोरली आपली तपकिरी वही उघडायची आणि दिवसाच्या नोंदी वाचायची. दिवसात नऊ वेळा घंटा होते. घंटा झाली की अर्धं वाक्यसुद्धा थांबतं, सांगणाऱ्याचंही आणि ऐकणाऱ्याचंही. तहान लागली तर करंगळी दाखवायची नाही, ती खूण दुसऱ्या कामाची आहे. हे तिला चुकून कळलं. मागच्या बाकांवर जास्त उजेड आहे, पण तिथे बसणं चांगलं समजलं जात नाही, का ते कळलेलं नाही. आणि एक नोंद तिने जरा हळू आवाजात वाचली: "शिक्षकांना बरंच काही माहीत नसतं. ते दिवसभर विचारत असतात. मुलंही धड मदत करत नाहीत."

काटेवाल्याच्या ओठांचे कोपरे वर गेले. आईने त्याला टेबलाखालून पाय मारला.

दुसऱ्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "ताबडतोब ये. तुझ्या लेकीने विज्ञानाच्या सरांना गृहपाठ दिलाय."

काटेवाला दुकान अर्धवट टाकून गेला. प्रयोगशाळेत विज्ञानाचे सर एकटेच बसले होते. पस्तिशी-चाळिशीचा माणूस, बाहीवर खडूची पावडर. समोर टेबलावर एक दोरी, दोरीला काटेवाल्याच्याच दुकानातला एक जाडजूड नट बांधलेला, आणि एक चिठ्ठी.

"बसा," सर म्हणाले. बसायला बाकच होता. काटेवाल्याचे गुडघे टेबलाला लागले.

"झालं असं, की मी वर्गात विचारलं, लोलकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून असतो? म्हणजे एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ. तुमच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, 'सर, तुम्हाला हे कशासाठी हवंय? म्हणजे किती बारीक उत्तर लागेल ते सांगता येईल.' वर्ग हसला. मी म्हटलं, 'बस खाली.' आज सकाळी टेबलावर हे होतं."

त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. थोरलीचं गोल अक्षर होतं: 'सर, दोरी एक मीटर आहे. आधी लहान झोका द्या, मग खूप मोठा. दहा-दहा झोके मोजा. मोठ्या झोक्याला थोडा जास्त वेळ लागतो. अडलं तर विचारा.'

"अडलं तर विचारा," सरांनी शेवटचे शब्द मोठ्याने म्हटले. "बारा वर्षं शिकवतोय मी."

काटेवाल्याने घाम पुसला. "सर, ती चेष्टा करत नव्हती. आमच्या घरात एक नियम आहे. उत्तर माहीत असेल तर प्रश्न विचारायचा नाही. त्यामुळे कोणी विचारलं की तिला खरंच वाटतं, समोरचा अडलाय. तिने मदत केली तुम्हाला."

 सर खुर्चीत मागे टेकले आणि खाली बघून हसले.

"म्हणजे दोन आठवडे ती मला ढ समजतेय."

"ढ नाही. जिज्ञासू समजते."

"एक सांगू? चिठ्ठी वाचून आधी डोकं फिरलं. मग मधल्या सुट्टीत दोरी टांगली. दहा झोक्यांत एका सेकंदाहून जास्त फरक आला. मोठ्या कोनाला तसं होतं हे मला माहीत होतं, पुस्तकात तळटीप असते. पण टांगून कधी बघितलं नव्हतं." त्यांनी नटाला बोटाने हलकेच ढकललं. "पण तुमचा नियम मला समजला नाही. मग मुलांना काय येतं, हे तुम्हाला कळतं कसं?"

"दिवसभर सोबत असतो ना."

"मी नसतो. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत आणि बावन्न मुलं. मी विचारतो तेव्हा लोलकाचं मला माहीत असतं. त्या बावन्न जणांचं माहीत नसतं. माझा प्रश्न लोलकाबद्दल नसतोच मुळी, त्यांच्याबद्दल असतो. काय करता तुम्ही?"

"वजनकाटे दुरुस्त करतो."

"दुरुस्त झाला हे कसं ठरवता?"

"प्रमाण वजन ठेवून बघतो," काटेवाला म्हणाला, आणि तिथेच थांबला.

त्याच्या दुकानात मखमलीच्या पेटीत पितळी वजनांचा संच होता. बोटांचा घाम लागून वजन बदलू नये म्हणून तो ती चिमट्यानेच उचलायचा. रोज दहा वेळा तो शंभर ग्रॅमचं वजन पारड्यात ठेवायचा. ते शंभर ग्रॅमचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. तरीही तो ठेवायचा आणि वाकून काट्याकडे बघायचा. आठ वर्षं पुढच्या खोलीत तो उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारत होता आणि मागच्या खोलीत तोच प्रश्न उद्धटपणा म्हणून बंद होता. मधलं दार तर उघडंच होतं. तरी हे त्याला दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. माझंच एक राहून गेलं होतं." तो उठला. दारात थांबून त्याने विचारलं, "एरवी कशी आहे ती इथे?"

"एरवी?" सर म्हणाले. "मधल्या सुट्टीत तिच्या हसण्याचा आवाज इथपर्यंत येतो. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आहे, गणितात रोज शून्य घेते. दोघींचं काय गुळपीठ जमलंय देव जाणे. परवा दोघी पायऱ्यांवर बसून शंख-शिंपल्यांच्या वाटणीवरून भांडत होत्या. भांडण संपेना म्हणून घंटा दोनदा द्यावी लागली."

घरी येताना काटेवाला सावकाश चालला. थोरलीला भांडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. शंकासुराशी तिचे वाद व्हायचे, पण त्यात ती पाच वर्षांनी मोठी असायची आणि आपणहून हरायची. बरोबरीच्या कोणाशी, घंटा दोनदा द्यावी लागेल असं भांडण... त्याने आठवून पाहिलं. एकही आठवलं नाही.

महिना संपला. विषयाचा अहवाल सगळ्यांसमोर वाचायचा ही घरातली दुसरी रीत. आत्यालाही बोलावलं होतं. ती पाय दुमडून सोफ्यावर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाची कळा होती. थोरली उभी राहिली. तिने तपकिरी वही उघडली.

"शाळा: महिनाभराचं निरीक्षण," तिने सुरुवात केली. आवाज एकसुरी होता. "शाळेत एका दिवसात सरासरी एकशे त्रेचाळीस प्रश्न विचारले जातात. त्यांतले एकशे छत्तीस शिक्षक विचारतात. उरलेले सात मुलं विचारतात, आणि त्यांतले चार 'बाहेर जाऊ का' असे असतात."

आत्या खाकरली.

"एका विषयाला चाळीस मिनिटं मिळतात. त्यांतली नऊ वह्या काढण्यात आणि ठेवण्यात जातात. मधली सुट्टी वीस मिनिटं. मधल्या सुट्टीत करण्यासारखं विशेष काही नसतं. ओळखी: नोंद नाही. निष्कर्ष: शाळेत जे होतं ते घरी कमी वेळात होतं. विषय संपला. उरलेल्या वर्षासाठी मी ढग घेते."

तिने वही मिटली. आईने काटेवाल्याकडे पाहिलं. खरं तर त्याला उडी मारावीशी वाटायला हवी होती. हवं होतं तेच दान पडलं होतं. पण बरोबर आकड्यावर थांबलेल्या आणि तरीही कुठेतरी घासणाऱ्या काट्यासमोर उभं राहिल्यासारखं त्याला वाटत होतं.

"मधल्या सुट्टीत तू कुठे बसायचीस?" त्याने विचारलं.

"पायऱ्यांवर."

"एकटी?"

थोरलीने खालचा ओठ चावला. शंकासूर तिच्याकडे आणि मग बाबाकडे बघत होती.

"बाबा, तुला उत्तर माहितीय," थोरली म्हणाली. "मग विचारतोस का?"

"कारण तुझं मला माहीत नाही. तू काय सांगशील ते." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "थोरले, या घरात खूप चुकीच्या नोंदी झाल्यात. मुंग्यांच्या तर अर्ध्या चुकल्या होत्या. पण मारलेला काटा आजवर कोणी ठेवला नव्हता."

 दुकानदार पारड्याला हळूच बोट लावतो त्याला काटा मारणं म्हणतात, आणि या घरात त्याहून वाईट शब्द नव्हता.

"खरी वही निळी आहे," शंकासूर म्हणाली. "गादीखाली."

"चोंबडी," थोरली म्हणाली.

"मी नाही सांगितलं. मी रंग सांगितला. आणि जागा."

 थोरली एकदम म्हणाली, "मग काय करू? तू तीन दिवस एकच धार घासत बसलास. मी बघितलंय. मी गेले की तू दिवसभर कोणाशी बोलणार? ही तर दोन वर्षांत तिकडेच येईल माझ्या मागे."

"मी आहे की," शंकासूर म्हणाली.

"तू गप."

"माझं मी बघेन," काटेवाला म्हणाला.

"कसं बघणार?"

 घरात आठ वर्षं तो हा प्रश्न मुलींना विचारत आला होता, आणि मुली नेहमी काहीतरी सांगायच्या.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण ते माझं काम आहे. तुझ्या वहीत त्याला जागा नाही. जा, निळी आण."

ती घेऊन आली. पानं वाकडीतिकडी भरलेली, एका पानावर कोणा दुसऱ्याच्याच अक्षरात काहीबाही लिहिलेलं, शेजारी दात पुढे आलेल्या सशाचं चित्र. प्रश्नांचे आकडे तेच होते. घंटा त्याच. थोरली वाचत गेली आणि तिचा आवाज हळूहळू सुटत गेला.

"शाळेत मला काय येत नाही ते बाकीच्यांना पटकन दिसतं. दोरीवरून उड्या मारता येत नाहीत. हरल्यावर काय बोलायचं ते कळत नाही. घरी हे कोणाला दिसलं नव्हतं, कारण घरी मी हरत नाही." तिने पान उलटलं. "मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना प्रश्न विचारतात. ते खरे प्रश्न असतात, उत्तर माहीत नसलेले. पण किती, ते मोजता आलं नाही. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा आकडा हुकला, कारण मीच बोलत होते."

आईने नाक शिंकरलं. आत्या, जिच्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणायचे, ती छताकडे बघत होती.

"निष्कर्ष?" काटेवाल्याने विचारलं.

"नाही काढला. महिना कमी पडतो."

"किती लागेल?"

"माहीत नाही, बाबा. कदाचित बरीच वर्षं." तिने वही छातीशी धरली. "जाऊ?"

 आत्या काहीतरी बोलायला गेली आणि आईने तिच्या हातावर हात ठेवला.

"जा," तो म्हणाला. "पण रोज संध्याकाळी मी तुला काहीतरी विचारणार. मला माहीत असलेलं. चालेल?"

"चालेल. पण मी चुकले तर?"

"तर मला कळेल ना."

प्रवेशाचा अर्ज आत्याच्या पर्समध्ये पहिल्या दिवसापासून घडी करून ठेवलेला होता, हे तेव्हा उघड झालं. तिने तो टेबलावर सपाट केला. काटेवाल्याने पेन घेतलं आणि रकाने भरू लागला. वय, पत्ता, पालकांचा व्यवसाय. शंकासूर त्याच्या कोपराखालून डोकं घालून वाचत होती. 'आधीची शाळा' या रकान्यात त्याने जरा थांबून 'घर' असं लिहिलं. पुढचा रकाना होता 'शाळा सोडण्याचे कारण'.

तिथे पेन अडलं. त्याने दोन-तीन कारणं मनात लिहून पाहिली. एकही खरं उतरेना.

"दे इकडे," थोरली म्हणाली. तिने पेन घेतलं, वाकली आणि त्या अरुंद चौकटीत लिहिलं: 'सोडलेली नाही.'

"अगं, हे चालायचं नाही," आत्या म्हणाली. "कारकून परत पाठवेल."

"पाठवू दे," काटेवाला म्हणाला. "दुसरा कागद आण. असेच दोन भरून ठेवू."